न धुतलेलं गाठोडं

उंबरगव्हाणात एक बोलणं होतं, की डाग एकदा द्वारकाबाई परटिणीच्या हातात गेला की परत तोंड दाखवत नाही. मग तो हळदीचा असो, केळीच्या चिकाचा असो, नाही तर लग्नात व्याह्याच्या धोतरावर सांडलेल्या रश्शाचा असो. पापडखार, लिंबू, ऊन आणि दोन मनगटं, एवढ्यावर ती डागाचा निकाल लावायची. आपल्या तोंडानं आपली तारीफ करायला ती लाजत नसे. "देवानं मला रूप दिलं न्हाई, पर हात दिले," असं म्हणायची आणि पदर खोचून दगडापुढं उभी राहायची.

पण दोन हजार सालच्या त्या फाल्गुनात हात होते आणि पाणी नव्हतं. ओढा दिवाळीलाच आटला होता. त्यात दुकानात साबणाच्या पुड्या आल्यापासून निम्म्या गावानं कपडे घरीच बुचकळायला सुरुवात केली होती. परटाकडं कपडे टाकणारी अकरा घरं उरली होती, आणि भरवशाचं पाणी राहिलं होतं एकट्या पुंजाराम पाटलाच्या विहिरीला. तिथल्या हौदाच्या कडेला द्वारकाबाईचा दगड होता. धुण्याचं पाणी पाटलाच्या केळीला जायचं आणि पाटलाच्या घरचं गाठोडं ती आधी सोडायची, असा तो सौदा. नवरा कचरू घरी बसून कोळशाची इस्त्री फिरवायचा. त्याला दमा होता, ओल्यात उभं राहणं त्याला सोसत नव्हतं. म्हणजे विहीर बंद झाली की चूल बंद, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

एका बुधवारी सकाळी ती दारात गाढवावर गाठोडी लादत होती, तेव्हा सोनूबाई आली. सोनूबाई रोजानं जाणारी विधवा बाई. तिला एकच लेक, नंदा, अठरा वर्षांची. पोरगी दहावी होऊन घरी बसली होती आणि आईबरोबर रानात जायची. या घरातून परटाकडं कपडे येण्याचा प्रश्नच नव्हता. आज सोनूबाईच्या पदराखाली गाठोडं होतं.

"द्वारकाबाई, एवढं धुऊन द्या. विटाळाचं हाय."

गावची रीतच होती तशी. पोर पहिल्यांदा न्हातीधुती झाली, बाई बाळंत झाली, घरात मयत झालं, की ते कपडे घरात धुवायचे नाहीत, परटिणीनं न्यायचे. नंदाचे ते पहिले कपडेही द्वारकाबाईनंच धुतले होते आणि सोनूबाईनं ऐपत नसताना तिची खणानं ओटी भरली होती.

"कसला इटाळ गं? कोण बाळंत झालं तुझ्या घरात?" द्वारकाबाईनं थट्टा केली.

"पोरगी काट्यात पडली काल," सोनूबाई म्हणाली. तिची नजर गाढवाच्या खुरांवर होती. "आत्ता आंघोळ घातली तिला. उषाबाईकून हंडा मागून आणला. चोळून चोळून घातली. हे बी साफ करा, जल्दी. डाग राहू देऊ नका."

एवढं बोलून ती गेली. द्वारकाबाईची थट्टा तोंडातच राहिली. काट्यात पडलेल्या पोरीला कुणी चोळून आंघोळ घालत नाही. आणि 'डाग राहू देऊ नका' हे वाक्य, याच आवाजात, तिनं आयुष्यात आधी एकदा ऐकलं होतं.

हौदावर जाऊन तिनं पहिल्यांदा तेच गाठोडं सोडलं. हिरवा परकर, पिवळं पोलकं. पोलकं खांद्यापासून काखेपर्यंत फाटलेलं, हुकं तुटलेली. परकरावर मातीचे आणि रक्ताचे डाग. परटिणीला डाग वाचता येतात, तिला कुणी काही सांगावं लागत नाही. पोलक्याच्या एका वाकड्या हुकात पांढरं बटण अडकलं होतं, आणि बटणासोबत बोटाच्या पेराएवढा कापडाचा तुकडा.

कापड तिच्या ओळखीचं होतं. मग तिनं पाटलाच्या घरचं गाठोडं ओढलं. वरचाच सदरा पुंजाराम पाटलाच्या थोरल्या लेकाचा, मच्छिंद्राचा होता. पांढरा, टेरिकॉटचा. छातीवरचं दुसरं बटण नव्हतं आणि बटणाच्या जागी कापड फाटलेलं होतं. बाहीवर पिवळ्या धाग्याचा गुंता आणि रक्ताचा ठिपका. कॉलरच्या आत तिचीच खूण होती. बिब्ब्याला सुई टोचून घातलेले तीन ठिपके आणि एक आडवी रेघ म्हणजे पाटलाचं घर, खाली उभी रेघ म्हणजे थोरला लेक. द्वारकाबाईला अक्षरओळख नव्हती, पण अकरा घरांची माणसं तिला अशी पाठ होती.

मच्छिंद्राला सदरा लपवावासा वाटला नव्हता, याचं तिला नवल वाटलं नाही. त्या घरातल्या पुरुषांना एवढंच ठाऊक होतं, की कपडा अंगातून काढून कोपऱ्यात टाकायचा आणि चार दिवसांनी तो पांढरा होऊन, घडी होऊन परत येतो. मध्ये त्यावर कुणाची नजर पडते, हा विचार त्यांच्या बापजन्मात कुणी केला नव्हता.

चौदा वर्षांपूर्वी तिनं दुर्गाचे कपडे धुतले होते. वेशीजवळच्या घरची दुर्गा, तेव्हा सतरा वर्षांची. तिच्या आईनं असंच गाठोडं आणून दिलं होतं आणि द्वारकाबाईनं काही न विचारता तीनदा भट्टीवर उकळून, लिंबू घासून ते लख्ख केलं होतं. एक डाग राहू दिला नव्हता, आणि वर आपल्या हातांचं कौतुकही केलं होतं. चार दिवसांनी दुर्गाच्या बापानं हिय्या करून तक्रार दिली, तेव्हा कोर्टात कपडे पुढं आले ते असे, जणू आत्ताच दुकानातून आणले. ज्याच्यावर तक्रार होती तो माणूस सुटला. दुर्गाला तिकडं अंबडकडं एका बिजवराला देऊन टाकली आणि त्यानंतर ती माहेराला आली नाही. द्वारकाबाईला कुणी बोललं नव्हतं. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, असं तिला कितीदा वाटलं होतं.

त्या दिवशी तिनं बाकीचे कपडे धुतले. नंदाचे कपडे आणि मच्छिंद्राचा सदरा मात्र दोन गाठोड्यांत वेगवेगळे बांधून, कोरडे, तसेच घरी आणले.

कचरूनं इस्त्री बाजूला ठेवून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "धुऊन टाक. आपल्याला काय करायचं हाय?"

"मागच्या बारीला तेच केलं."

"पाटलाचा सदरा ठेवून घ्यायचा म्हंजे चोरीच की गं."

"परटानं कपडा हरवला तर चोरी. न धुतला तर कोण फाशी देतंय?"

कचरूला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "विहीर बंद होईल, द्वारके. आपण खायचं काय?"

 कचरू भित्रा होता असं नाही. विहीर बंद होणार हे खरंच होतं. तिनं त्याला भाकरी वाढली, स्वतः जेवली नाही, आणि भर दुपारी सोनूबाईच्या घरी गेली.

सोनूबाईनं दार अर्धंच उघडलं. "धुतले का?"

"न्हाई."

सोनूबाईचं तोंड उतरलं. आत नंदा भिंतीकडं तोंड करून पडली होती. केस अजून ओले होते आणि चोळून चोळून दंडाची कातडी लाल झाली होती. द्वारकाबाई तिच्या जवळ खाली बसली.

"नंदे, मी तुला काय बी इचारणार न्हाई. मीच सांगते, तू आईक." आणि तिनं दुर्गाची सगळी कथा सांगितली. कुठं काय चुकलं, कुणी धुतलं, काहीही न झाकता. "तुझे कपडे मी धुतले न्हाईत. ज्यानं केलं त्याचा सदरा बी माझ्याकडंच हाय. तू म्हणलीस तर आत्ता जाऊन धुते अन् जलमात तोंड उघडत न्हाई. तू म्हणलीस तर ठाण्यात नेते. तुझ्या आईनं न्हाई, म्यां न्हाई, तू सांगायचं."

सोनूबाई दारातूनच म्हणाली, "कशाला पोरीचा बाजार मांडता बाई? तिला कोण पदरात घेईल?"

 नंदा भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणाली, "आई म्हणती मी बाटले."

"आईला इचार, इटाळ धुवायचं काम गावात कुणाचं हाय?" द्वारकाबाई म्हणाली. "तीस वर्षं मी तेच धुतलं. इटाळ कशाला म्हणत्यात ते मला इचारावं. तुझ्या अंगाला काय बी लागलं न्हाई पोरी. मळला तो त्याचा सदरा."

नंदानं कूस बदलली. तिचा ओठ फुटलेला होता. "काल हरबऱ्याच्या रानात मी पेंढ्या बांधायला मागं राह्यले," ती म्हणाली. "मच्छिंद्र…"

"बास. मला नको सांगू. जिथं सांगायचं तिथं सांग, म्हंजे एकदाच सांगावं लागंल."

एकदाच सांगावं लागेल, हे तिचं म्हणणं पुढं चुकीचं ठरलं. नंदाला ते सात ठिकाणी सांगावं लागलं. पण त्या दुपारी तिला ते खरं वाटलं आणि नंदालाही वाटलं. ती उठून बसली, पाणी मागितलं, तांब्यातलं सगळं प्याली. मग म्हणाली, "लोक काय म्हणतील, मावशी?"

"लोकांचे कपडे माझ्याकडं असतेत," द्वारकाबाई म्हणाली. "कुणाच्या घरात काय हाय ते मी बघून राह्यले. कोण म्हणतं ते मला येऊन सांग."

नंदाच्या तोंडावर हसू आलं नाही, पण तिनं हात लांब करून वेणीची फीत उचलली. सोनूबाई मटकन दारात बसली आणि रडायला लागली. थोड्या वेळानं तिनंच पुढं होऊन लेकीची वेणी घातली.

घनसावंगीला जाणारी जीप चौदा माणसं भरल्याशिवाय हलत नसे, हा सगळ्या तालुक्याचा नियम. जीपवाला कमरोद्दीन पारावर बसून माणसं मोजायचा. त्या दिवशी त्यानं तीन बायका बघितल्या, मधलीचा ओठ बघितला, द्वारकाबाईच्या काखेतली दोन गाठोडी बघितली, आणि सरळ किल्ली फिरवली.

"बाकीची मानसं?" द्वारकाबाईनं विचारलं.

"बैठो, खालाजान, आज इतनेच," तो म्हणाला. वाटेत हात करणाऱ्या चार-सहा माणसांना त्यानं धुरळा दिला आणि ठाण्याच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. परत न्यायला सुद्धा तोच रात्रीपर्यंत थांबला.

ठाण्यात लिहून घ्यायला तीन तास लागले. दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत नव्हती. तिनं आधी नंदाला विचारलं, हात लावू का, आणि मगच हात लावला. द्वारकाबाईनं कपडे पुढं केले तेव्हा तिनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले नाहीत, कागदात गुंडाळले.

"प्लॅस्टिकात घाम धरतो, खराब होतात," ती म्हणाली. "तुम्ही धुतले नाहीत, ओले केले नाहीत, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी सांगितलं असतं तर मागच्या बारीला तरी धुतले असते का, बाई?" द्वारकाबाई म्हणाली. डॉक्टरणीला त्याचा अर्थ कळला नाही.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्राला नेलं. तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई गाठोडी घेऊन मळ्यात गेली, तर तिचा दगड हौदावर नव्हता. गड्यांनी तो उचलून बांधाच्या पलीकडं काटवणात फेकला होता. पुंजाराम पाटील विहिरीच्या काठावर उभे होते. पासष्टीचा माणूस, दोन दिवसांत खांदे पडलेला.

"तुझ्या सासऱ्यापासून या घरानं तुम्हाला पोसलं," ते म्हणाले. "अन् तू घरातला कपडा ठाण्यात नेलास."

 द्वारकाबाईचं तोंड नेहमीचंच. "मालक, कपडा धुवायला आला व्हता. लई घासला तरी डाग निघंल असं दिसंना. म्हून माझ्यापेक्षा मोठ्या परटाकडं दिला."

पुंजाराम पाटलांनी तोंड फिरवलं आणि गड्याला पाण्याच्या मोटारीची खोली बंद करायला सांगितलं. बायको चतुराबाई वाड्याच्या खिडकीत होती. तिनं सगळं ऐकलं, पण खिडकी लावून घेतली नाही.

दगड तिला एकटीला उचलेना. अर्धा तास ती काट्यांत त्याच्याशी झटत होती. रानात जाणाऱ्या बायका वाट सोडून लांबून गेल्या, कारण पाटलांचा गडी बघत होता. शेवटी हातांना रक्त आलं, तेव्हा दगड तिथंच सोडून ती परतली. त्या दिवशी तिला रडू आलं. दगडासाठी रडणारी मी काय येडी, असंही तिला वाटलं.

आता पाणी म्हणजे गोदावरीचा डोह, अडीच कोस. पहाटे गाढव घेऊन निघायचं आणि ऊन कलल्यावर परतायचं. नदीही आटत आली होती, डोहात म्हशी आणि माणसं एकत्र. अकरातली सात घरं पहिल्या आठवड्यातच बंद झाली. किराणा दुकानात ती उभी राहिली की तिच्या मागून आलेल्यांना आधी सामान मिळे. कचरूनं इस्त्रीचा कोळसा हात राखून वापरायला सुरुवात केली. तो तिला एका शब्दानं बोलला नाही. उलट एकदा तिच्या पायाच्या भेगांत तेल भरताना म्हणाला, "आता मागं फिरायचं न्हाई, बरं का." तेवढं एक वाक्य तिला महिनाभर पुरलं.

चैत्रात एका सकाळी शेजारची उषाबाई गाठोडं घेऊन आली. "घ्या. लई मळलेत. आमच्या मालकाला सांगू नका." मागोमाग गिरणीवाल्याची बायको पुष्पाबाई आली. तिच्या नवऱ्याची पाटलाशी बैठक, तरी आली. मग बंद झालेल्या सातांतली आणखी दोन घरं. कमरोद्दीनच्या बायकोनं, शकीलानं, तर कधी परटाकडं चिंधी टाकली नव्हती, तिनंही सहा चादरी आणून टाकल्या. सगळ्यांचं एकच म्हणणं, लई मळलेत.

डोहावर जाऊन द्वारकाबाईनं पुष्पाबाईचं गाठोडं सोडलं, पहिला सदरा झटकला आणि थांबली. नाकाशी नेला. साबणाच्या पुडीचा वास. दुसरा बघितला, तिसरा बघितला. उषाबाईचं गाठोडं सोडलं. शकीलाच्या चादरी उलगडल्या. सगळं धुतलेलं, वाळवलेलं, आणि पोतेऱ्यासारखं चुरगाळून बांधलेलं. एका चादरीला तर मुद्दाम चुलीची राख फासली होती, तीही वरच्या वर.

गावातल्या बायकांनी तिला तोंडावर सांगितलं नव्हतं, की तू बरोबर केलंस. तशी सांगायची त्यांना सोय नव्हती. पण परटाला काम दिल्याशिवाय धान्य देता येत नाही आणि द्वारकाबाई फुकटचं घेणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी घरात धुतलेले कपडे तिच्याकडं धुवायला धाडले होते. एवढा आटापिटा बघून ती आधी हसली, मग डोहाच्या काठावर बसून पोटभर रडली. म्हशीवाली माणसं बघायला लागली तेव्हा नाक पुसून उठली आणि तिनं ते सगळे कपडे पुन्हा धुतले. काम न करता भाकरी खायची नव्हती.

परत देताना पुष्पाबाईनं घडी उलगडून बघितली. "किती पांढरे केले बाई."

"मेहनत पडली," द्वारकाबाई गंभीरपणे म्हणाली. "मळलेच तसे व्हते."

दोघींनीही डोळ्याला डोळा भिडवला नाही, नाही तर हसू फुटलं असतं. पुष्पाबाईच्या नवऱ्याची तेव्हापासून अशी समजूत आहे, की आपला सदरा आठवड्यातून दोनदा मळतो.

त्यानंतर तिनं बोलायला सुरुवात केली. ठरवून नाही. कुंभार पिंपळगावच्या बाजारात शकीला बांगड्यांचं दुकान मांडायची. हात पुढं करून बसलेल्या बाईला उठता येत नाही, हे द्वारकाबाईच्या ध्यानात आलं. ती तिथं येऊन बसायची आणि बोलता बोलता विषय काढायची. "असं कुणाच्या बी लेकीवर आलं, तर पह्यलं तिच्यावर इश्वास ठेवा. आंघोळ घालू नका. कपडे धुऊ नका, कागदात बांधा. तिला इचारा, अन् ती म्हणंल तर जा. मी परटीण सांगते, धुऊ नका."

काही बायका चिडल्या. एक म्हातारी म्हणाली, बाजारात असलं बोलत्यात का. बांगडी अर्धी मनगटावर घेऊन एक जण रागानं निघाली आणि शकीलानं तिला "माई, बांगडी तो पूरी भरो" म्हणून बसवलं. पण काही हळूच जवळ सरकायच्या आणि विचारायच्या, "किती दिसांपर्यंत ठाण्यात जाता येतं, बाई?" त्या कुणासाठी विचारतात, हे द्वारकाबाईनं कधी विचारलं नाही. नंदाचं नाव मात्र तिनं कुठंच घेतलं नाही. नाव सांगायचं की नाही, ते तिचं तिनं ठरवायचं.

खटला जालन्याला उभा राहिला तेव्हा पुढच्या सालचा मार्गशीर्ष लागला होता. दार बंद करून साक्षी चालायच्या. बाहेरच्या बाकावर नंदा बसली होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होती. सोनूबाई मिनिटामिनिटाला दाराकडं बघत होती. तेवढ्यात तिशी ओलांडलेली एक बाई आली आणि नंदाच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिनं नंदाचा हात आपल्या मांडीवर घेतला.

द्वारकाबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं. हनुवटीवरचं गोंदण ओळखीचं होतं.

"दुर्गे?"

"बाजारात आईकलं," दुर्गा म्हणाली. "परटीण धुऊ नका म्हणून सांगत हिंडती. मला वाटलं, ही आपलीच."

द्वारकाबाईनं पंधरा वर्षं मनात घोटलेलं सगळं वाक्य एका दमात बाहेर आलं. "म्यां धुतले गं तुझे. लिंबू लावून धुतले. एक डाग राहू दिला न्हाई. माझ्यामुळं सुटला त्यो."

 "राग व्हता," दुर्गा म्हणाली. "खोटं कशाला बोलू. लई वर्सं व्हता. पर तुम्हाला तरी सांगणारं कोण व्हतं तवा? आता तुम्ही सांगून राह्यल्या ना. मंग झालं." आणि नंदाकडं वळून म्हणाली, "मी हितंच हाय, तू बाहेर येईस्तोवर. घाबरलीस तरी चालंल. मी बी घाबरले व्हते. बोल तरी."

नंदा आत गेली आणि बोलली. दोन तासांनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ओढणीचं टोक सुटं होतं. मग द्वारकाबाईला हाक आली.

मच्छिंद्राचा वकील गोड बोलणारा होता. "बाई, तुम्हाला वाचता येतं का?"

"न्हाई."

"मग हा सदरा याच माणसाचा, हे कशावरून? असे पांढरे सदरे जालन्यात हजार मिळतील."

"कॉलर उलटी करा," द्वारकाबाई म्हणाली. "तीन ठिपके, आडवी रेघ, खाली उभी. पाटलाचं घर, थोरला ल्योक. बिब्ब्याची खूण हाय, कापड फाटंल पर ती जाणार न्हाई."

"ही ठिपक्यांची भाषा तुम्हीच केलेली. कोर्टानं का मानावी?"

 द्वारकाबाईची नजर वकिलाच्या गळ्याशी गेली आणि तिथं ती एकदम घरच्यासारखी झाली. "तुमचा सदरा बी परटाकडंच जातो, साहेब. इस्त्रीवरून कळतंय. तुमच्या कॉलरीत बी आसंल खूण. ती नसती तर आज तुमच्या अंगात दुसऱ्याचाच सदरा असता."

वकिलाचा हात नकळत कॉलरकडं गेला. जजसाहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं, आणि ते हसत होते असं शिपायानं नंतर सगळ्यांना सांगितलं. बटण, तुकडा आणि फाटलेली जागा जुळली होती. औरंगाबादहून आलेला तपासणीचा कागदही जुळला होता. मच्छिंद्राला सात वर्षं सक्तमजुरी झाली. पाटील अपिलात गेले, त्यात आणखी तीन वर्षं गेली, आणि शिक्षा कायम राहिली.

मधल्या काळात दोन पावसाळे बरे झाले. ओढा वाहायला लागला. काटवणात पडलेला दगड एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उषाबाई, पुष्पाबाई आणि आणखी चौघींनी मिळून, भर दिवसा, पाटलाच्या गड्यासमोर उचलून ओढ्यावर आणून ठेवला. चतुराबाईनं तेव्हाही खिडकी लावून घेतली नाही. नंदानं बाहेरून बारावी केली आणि शेजारच्या गावात अंगणवाडीवर लागली. लग्नाचं विचारलं की म्हणायची, बघू, घाई कुणाला आहे. काही रात्री तिला अजून झोप लागत नसे आणि हरबऱ्याच्या रानाकडं ती पाठ करूनच बसायची. पण बाजाराच्या दिवशी शकीलाच्या दुकानावर द्वारकाबाईशेजारी बसायला ती आपण होऊन यायला लागली. आणि एका बाजारात, कुणी विचारलं नसताना, म्हणाली, "मावशी सांगती ते माझंच हाय."  एकीनं भरलेल्या बांगड्यांचा हात पुढं करून तिच्या हातावर ठेवला.

एका सकाळी द्वारकाबाई ओढ्यावर होती. नंदा बांधावरून उतरून आली. तिच्या हातात खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं, त्यावर लाखेचे तुकडे.

"काय गं ते?"

"कोर्टातून आणलं. अर्ज केल्ता. तिथला साहेब म्हणला, जाळून टाकतो आम्ही असलं, तुला कशाला पायजे. म्हणलं, माझं हाय."

कागद सोडला. हिरवा परकर, पिवळं पोलकं. पाच वर्षं न धुतलेलं, घडीवर विटलेलं. द्वारकाबाईनं ते बघितलं आणि पुढं हात केला नाही. त्या कपड्याला हात न लावणं हेच तिचं इतक्या वर्षांचं काम होतं.

नंदानं परकर तिच्यापुढं धरला. "आता धुवा, मावशी."

द्वारकाबाईनं धुतला. खार लावला, लिंबू घासलं, दगडावर आपटला. माती गेली. पण रक्त जुनं झालं होतं, त्याचा फिकट तांबूस डाग काही केल्या हलेना. तिनं पुन्हा लिंबू घेतलं. मनगटं साठीला आली होती, तरी तिनं जोर लावला. डाग हटत नाही म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले.

"राहू द्या तेवढा," नंदा म्हणाली आणि पाण्यात उतरली. "तुम्ही थकल्या. पिळू या आता."

परकर पिळायला दोन माणसं लागतात. द्वारकाबाईनं एक टोक धरलं, नंदानं दुसरं, आणि दोघींनी उलट्या बाजूंनी पीळ घातला. पाणी गळत गळत गेलं, आधी गढूळ, मग स्वच्छ. नंदानं तो झटकला, बाभळीवर उन्हात पसरला, आणि अंगणवाडीची वेळ झाली म्हणून ओल्या हातांनीच बांध चढून गेली.